पंधरा दिवसांत सिनेमा

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

हा विषय मी मागून घेतलेला नाही, तो माझ्या वाट्याला उरला. मराठी विभागाच्या सरांनी फळ्यावर थोरामोठ्यांची नावं लिहिली होती आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं असं ठरलं होतं. मी मेसमधून पोचेपर्यंत विश्वेश्वरय्या मेकॅनिकलवाल्याने पळवले होते, कलाम तर तिघांनी मागितले होते, गाडगेबाबा आणि पंजाबराव देशमुख आपल्या घरचेच, ते कशाला कोणी सोडतंय? खाली एकच नाव उरलं होतं, दादासाहेब फाळके. आता आमच्या अमरावतीत दादासाहेब म्हटलं की खापर्डे आठवतात. फाळके म्हणजे टीव्हीवर दरवर्षी कोणत्या तरी म्हाताऱ्या नटाला मिळणारा पुरस्कार, एवढीच माझी माहिती. सिनेमावाल्याचं चरित्र इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला, असं मनात म्हणत मी वहीत नाव लिहून घेतलं आणि रूमवर आलो.

त्याच संध्याकाळी मेल आला. पुण्याच्या ज्या कंपनीत माझी इंटर्नशिप ठरली होती तिथून. प्रोजेक्ट बदलला आहे, आता काम स्प्रिंग बूटमध्ये आहे, पंधरा दिवसांनी एक छोटी चाचणी घेऊ, मग रुजू व्हा. मी मुलाखतीत जावा आणि थोडं पीएचपी येतं असं सांगितलं होतं, तेही जरा फुगवूनच. स्प्रिंग बूट हे नाव ऐकलेलं होतं, बस तेवढंच. रूममेट अकोटचा. तो पलंगावर आडवा पडूनच म्हणाला, कायले टेन्शन घेतं बे, दोन दिवस व्हिडिओ पाह्यून घे, होऊन जाते. माझ्या पोटात मात्र गोळा आला होता. घरी अकोल्याला बाबांना इंटर्नशिपचं सांगून झालं होतं, आणि बाबांनी ते अख्ख्या गल्लीत सांगून झालं होतं.

सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडं थांबून सांगतो. फ्रेमवर्क म्हणजे नुसतं हत्यार नाही. लायब्ररी म्हणजे हत्यारांची पेटी, आपल्याला लागेल तेव्हा आपण तिला हाक मारतो. फ्रेमवर्क उलटं असतं. तो आधीच उभा केलेला सांगाडा असतो आणि हाक तो आपल्याला मारतो. कुठे काय ठेवायचं, कोणी कोणाला कधी बोलवायचं, हे त्याने ठरवलेलं असतं. त्याचे नियम कळेपर्यंत आपला बरोबर लिहिलेला कोडसुद्धा मेल्यासारखा पडून राहतो. नवशिक्याची इथेच दमछाक होते.

पहिले चार दिवस मी रूममेटचं ऐकलं. व्हिडिओ पाहिले. समोरचा माणूस लिहितो, चालतं. आपण लिहितो, चालत नाही. दोन अख्खे दिवस ब्राउझरवर व्हाइटलेबल एररचं पांढरं पान बघत बसलो होतो. रविवारी वैतागून लॅपटॉप बंद केला आणि दुसरं ओझं तरी उतरवू म्हणून लायब्ररीतून आणलेलं फाळक्यांचं चरित्र उघडलं. तिथे वाचलं की या माणसाने लंडनमध्ये जेमतेम दोन आठवड्यांत सिनेमा शिकून घेतला. मी उठूनच बसलो. पंधरा दिवसांत! माझ्याकडेही तेवढेच होते. त्यातले चार गेले होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. ते मुंबईला शिकवायला गेले आणि घर मुंबईला आलं. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा वेद म्हणेल अशी अपेक्षा असणार. याला चित्रं काढायचा नाद. १८८५ मध्ये तो जे. जे. कला शाळेत दाखल झाला. मग थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकला. कलाभवन हे प्राध्यापक गज्जरांनी सयाजीरावांच्या आश्रयाने उभं केलेलं, कला आणि हुन्नर एका छपराखाली शिकवणारं ठिकाण, म्हणजे आजच्या भाषेत अर्धं आर्ट स्कूल आणि अर्धं आपलं वर्कशॉप. तिथे फाळके तैलरंग शिकले, जलरंग शिकले, वास्तुकला शिकले, मातीची मॉडेलं बनवायला शिकले. १८९० च्या सुमारास कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं सुरू केलं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल ठेवलं, त्याला सुवर्णपदक मिळालं. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, तिथे ते तीन रंगांचे ब्लॉक करायला आणि फोटोलिथो शिकले.

इथपर्यंत वाचताना मला हा माणूस आपल्या हॉस्टेलवरच्या एका सिनियरसारखा वाटला. (कोण ते हॉस्टेलवाल्यांना कळेल!) सगळं थोडं थोडं येतं, नोकरी कशातच नाही. फाळक्यांचंही तेच झालं. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. १९०० च्या आसपास प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर फोटो काढला की माणसाची शक्ती कमी होते या समजुतीने गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्यातून नाटकाच्या आतल्या खुब्या कळल्या. दौऱ्यावर आलेल्या एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग केले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, लग्नानंतर सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे काम पडणार आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून सरकारी नोकरी लागली. आमच्या वऱ्हाडात सरकारी नोकरी लागल्यावर माणूस पेढे वाटतो आणि विषय संपतो. फाळक्यांनी ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडून दिली आणि लोणावळ्याला छापखाना घातला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी ते काम करू लागले. देवादिकांची जी चित्रं घराघरांत भिंतीवर लागली, ती दगडावरून कागदावर कशी उतरतात हे त्यांच्या हाताला कळलं. पुढे छापखाना मुंबईला आला, भागीदार बदलला, १९०९ मध्ये नवी यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले, तिथलं रंगीत छपाईचं तंत्र पाहून आले. छापखाना नावारूपाला आला आणि नेमकं तेव्हाच भागीदाराशी बिनसलं. काही न घेता ते बाहेर पडले. वय चाळीस, घरात मुलं, हातात काही नाही.

आणि अशा रिकाम्या दिवसांत त्यांनी गिरगावात तंबूतल्या थिएटरात येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकातच वाचतो. पण पुस्तक तिथून उडी मारून थेट राजा हरिश्चंद्रावर जातं. मधलं वर्ष कोणी सांगत नाही. मला ते मधलं वर्षच जास्त महत्त्वाचं वाटलं.

त्या वर्षात फाळक्यांनी काय केलं, तर मिळेल ते वाचलं आणि रोज सिनेमा पाहिला. परदेशातून सिनेमाच्या सामानाचे कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली. खेळण्यातला म्हणावा असा छोटा कॅमेरा आणि रिळं घेतली. भिंगामागे मेणबत्ती लावून घरातल्या भिंतीवर चित्रं पाडून बघितली. रोज संध्याकाळी चार-पाच तास थिएटरात आणि उरलेली रात्र यात. झोप नाही, डोळ्यांवर ताण. शेवटी डोळे गेले. अगदी दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकरांनी उपचार करून आणि तीन-चार चष्मे देऊन त्यांची नजर परत आणली, म्हणून पुढचा इतिहास घडला. रात्री तीन वाजता डोळे चोळत स्क्रीनकडे बघणाऱ्या आपल्या लोकांना मी हे मुद्दाम सांगतोय. माझा स्वतःचा नंबर या वर्षी वाढला आहे.

वाचून आणि बघून जेवढं येऊ शकतं तेवढं आलं. पुढे प्रत्यक्ष यंत्राला हात लावल्याशिवाय इलाज नव्हता. इंग्लंडला जायचं तर पैसे हवेत. फाळक्यांनी आपल्या विमा पॉलिस्या गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखीचं कोणी नाही. पिकॅडिली भागात बायोस्कोप या सिनेमा-साप्ताहिकाची पाटी दिसली. त्याचे ते मुंबईत वर्गणीदार होते, म्हणून सरळ आत गेले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करायचाच प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच सिनेमा काढणारे बुडतायत, हिंदुस्थानच्या हवेत तर हे जमायचं नाही, असा त्यांचा सूर होता. पण बोलता बोलता या माणसाला छपाईतलं, फोटोतलं काय काय येतं हे त्यांना कळलं असणार. त्यांनी फाळक्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. हेपवर्थ म्हणजे त्या काळचे इंग्लंडचे नावाजलेले चित्रपटकार. त्यांनी सगळे विभाग मोकळे करून दिले आणि काम कसं चालतं ते दाखवलं. सल्ला घेऊन फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, किंमत ५० पौंड. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवायची व्यवस्था केली. १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परत होते. जाणं-येणं धरून दोन महिने, त्यातले बोटीवरचेच दिवस जास्त. लंडनमधले शिकायचे दिवस सुमारे दोन आठवडे! (त्यांच्यानंतर पंधराच दिवसांनी टायटॅनिक बुडाली. योगायोग आहे, पण मला तारखा लावताना दिसला म्हणून सांगितला.)

इथे मी पुस्तक मिटून वहीत एक रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला लिहिलं, फाळक्यांना वॉल्टनमध्ये नवीन काय होतं. दुसऱ्या बाजूला लिहिलं, काय आधीच येत होतं. नवीनच्या बाजूला आलं फिल्मचं भोकं पाडणं, हँडल एका लयीत फिरवणं, लांबच लांब पट्टी धुणं आणि सुकवणं, तुकडे जोडणं. येत होतं त्या बाजूला पान पुरेना. भिंग, प्रकाश, रसायनं, अंधारी खोली, निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, नेपथ्य, पडदे, रंगभूषा, नाटकवाले लोक, माणूस नाहीसा करायची जादू, यंत्र परदेशातून मागवून इथे बसवणं. हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी पाहिलेल्या दर दहा गोष्टींतल्या आठ त्यांना आधीच ओळखीच्या होत्या. दोन आठवडे पुरले ते म्हणून. जे. जे.च्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर त्या दोन आठवड्यांमागे सत्तावीस वर्षं होती.

मग मी माझ्यासाठी तशीच रेघ मारली. स्प्रिंग बूटमध्ये नवीन काय, आणि मला काय येतं? आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, येतं त्या बाजूला जे लिहायला हवं होतं ते सगळं आपल्या सिलॅबसमध्ये होतं. ब्राउझर विनंती पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो, हे कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये. टेबलं, की, ट्रान्झॅक्शन हे डीबीएमएसमध्ये. इंटरफेस आणि ऑब्जेक्ट हे तिसऱ्या सेममध्ये. हे सगळं मी परीक्षेच्या आदल्या रात्री लोकल ऑथरच्या पुस्तकातून उरकलं होतं आणि चाळीसच्या आसपास मार्क घेऊन सुटलो होतो. फ्रेमवर्क अवघड नव्हतं, खालची जमीन पोकळ होती. त्या रात्री व्हिडिओ बंद केले आणि डीबीएमएसची जुनी नोट्स झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून शोधून काढली. रूममेटला वाटलं मी सप्लिमेंटरीची तयारी करून राहिलो.

फाळके परत आले तेव्हा पहिल्याच दिवसापासून मोठा सिनेमा करायला बसले नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. त्यांनी दादर मेनरोडला मोठा बंगला घेतला, आवारात काचेची खोली उभारली. मे महिन्यात भोकं पाडायचं यंत्र आलं तेव्हा सोबतच्या आराखड्यावरून ते चार दिवसांत बसवलं. आजूबाजूच्या पोरांची, शेजाऱ्यांची चित्रं घेऊन यंत्र चालतंय का पाहिलं. मग पैसा लावणाऱ्याला दाखवायला म्हणून कुंडीत वाटाणे पेरले! समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत गेले. पडद्यावर लावल्यावर बी फुटून, वेल होऊन वर चढताना दिसली. अंकुराची वाढ हे तिचं नाव. त्या वेलीने कॅमेरा हलत नाही ना, फिल्म नीट धुतली जाते ना, हे सगळं तपासून घेतलं आणि कर्जही मिळवून दिलं. आपण नवीन भाषा शिकताना पहिल्यांदा हॅलो वर्ल्ड छापतो. फाळक्यांचं हॅलो वर्ल्ड हे असं होतं.

माझा वाटाणा म्हणजे एक चौकोन आणि एक बटण. मेसमधल्या पोरांची नावं लिहायची, बटण दाबलं की डेटाबेसमध्ये जायची. तेवढंच. ते चालवतानाच कळलं की आधीचं पांढरं पान का येत होतं. मी माझा क्लास मुख्य पॅकेजच्या बाहेर ठेवला होता आणि फ्रेमवर्क फक्त मुख्य पॅकेजच्या आतच शोध घेतं. कोडमध्ये एक अक्षर चुकलं नव्हतं. फाईल चुकीच्या खोलीत झोपली होती. दोन दिवस!

आता राजा हरिश्चंद्राकडे येतो. त्याच्या निर्मितीच्या गमती २००९ च्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या सिनेमात आल्याच आहेत, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना दहाऐवजी पंधरा रुपये पगार देऊन तारामती केलं. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग, त्यांना कॅमेरा फाळक्यांनीच शिकवला. पण मला सांगायचंय ते सरस्वतीबाईंबद्दल.

त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडता येत असे. ती घरी अंधारात यंत्रातून काढून दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत. राजा हरिश्चंद्राची लांबी ३७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि एका फ्रेमला एका बाजूला ४ भोकं. कॅल्क्युलेटर काढा. एका बाजूला २ लाख ३६ हजार ८००, दोन्ही बाजूंना ४ लाख ७३ हजार ६००. आणि हे फक्त पडद्यावर दिसलेल्या फिल्मचं, वाया गेलेली वेगळी, निगेटिव्ह वेगळी. हे काम रात्री अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई करत. रसायनं कालवत, फिल्म धूत. आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पैसा कमी पडला तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. लंडनला त्या गेल्या नव्हत्या, कोणता स्टुडिओ त्यांनी पाहिला नव्हता. नवऱ्याने पंधरा दिवसांत जे शिकलं ते त्या घरच्या घरी, पोरं सांभाळून, त्याहून कमी दिवसांत शिकल्या असतील. देशातला सर्वांत मोठा सिनेमा पुरस्कार नवऱ्याच्या नावाचा आहे. माझ्या मते त्या नावात अर्धा वाटा यांचा हवा होता.

सहा महिने २७ दिवसांत सिनेमा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांना ऑलिंपिया थिएटरात दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. लंडनहून परत आल्याला जेमतेम तेरा महिने झाले होते.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती यशाची आहेत आणि यशात शिकण्यासारखं कमी असतं असा माझा अनुभव आहे (अनुभव थोडाच आहे, पण आहे). कारखाना नाशिकला गेला. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच, आणि त्या सिनेमाने इतका गल्ला जमवला की नाण्यांची पोती बैलगाडीतून नेल्याच्या गोष्टी सांगतात. त्याच सुमारास सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक फिल्मसुद्धा त्यांनी काढली. आपल्यात प्रोजेक्ट चालला की डॉक्युमेंटेशन करायचा कंटाळा असतो, या माणसाने डॉक्युमेंटेशनचाच सिनेमा केला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, भागीदार आले, श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन आले, त्यात कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. मग पुन्हा भागीदारांशी खटकलं. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, परत आले, पुन्हा सिनेमे केले.

आणि मग १४ मार्च १९३१ ला आलमआरा लागला. सिनेमा बोलू लागला.

पुस्तकाचं हे प्रकरण मी बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत वाचलं. चाचणीला चार दिवस राहिले होते आणि आईने बोलावलं म्हणून एका रात्रीसाठी घरी चाललो होतो. मूर्तिजापूरला गर्दी उतरली तेव्हा बसायला खिडकी मिळाली. फाळके तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला आणि मग काळ बदलला म्हणून त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. प्रकाश, भिंग, रसायन, जादू, सगळं त्यांच्या बोटांत होतं. आवाज नव्हता. मायक्रोफोन आला आणि कॅमेऱ्याची मोकळीक गेली, नटाला गाता यायला हवं झालं, स्टुडिओ बंदिस्त झाला, खर्च कितीतरी पटींनी वाढला. पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला, तो १९३७ मध्ये आला. तोच त्यांचा एकमेव मुळात बोलपट म्हणून केलेला सिनेमा, आणि शेवटचाही. त्यानंतर ते नाशिकला जवळजवळ विस्मृतीतच राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, जन्माला शंभर वर्षं होत आली तेव्हा.

एकदा पंधरा दिवसांत शिकलेला माणूस दुसऱ्यांदा का शिकू शकला नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वय म्हणावं तर चाळिशीत अंध होऊन उठलेला माणूस हा. मला वाटतं पहिल्या वेळी रेघेच्या त्या बाजूला पान भरून होतं, आणि दुसऱ्या वेळी ते पान कोरं होतं. त्यात पहिल्यासारखा स्वतःचा कारखाना नव्हता, स्वतःच्या मर्जीने वाटाणा पेरून महिनाभर बघत बसायची मुभा नव्हती. कदाचित मी चूक असेन. व्हायवात कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल.

घरी पोचलो तर बाबा अंगणात बसले होते. बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अकोल्याच्या डाळ मिलच्या जळक्या मोटरी त्यांनी आयुष्यभर भरल्या. मोटर नुसती हातात घेऊन, वास घेऊन कोणता फेज गेला ते सांगतात. पण आता मिलवाल्यांनी मोटरीमागे ड्राइव्ह बसवलेत. मोटर चालत नाही म्हणून बोलावतात आणि मोटर चांगलीच असते, ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर कसला तरी कोड येत असतो. दोन वर्षांपासून बाबा म्हणत होते, हे आपल्याच्यानं होत नाही, पोरायचं काम आहे हे. मीही मान हलवत होतो.

त्या दिवशी अंगणात त्यांच्या पुढ्यात एक बंद पडलेला ड्राइव्ह उघडून ठेवलेला होता. भंगारवाल्याकडून आणला म्हणे, मिलवाल्याचा बिघडवण्यापेक्षा हाच बरा. शेजारी मॅन्युअल, सगळं इंग्रजी. मी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली. बाबांनी विचारलं, तुझ्या परीक्षेचा अभ्यास आहे का आज. मी म्हटलं आहे, पण रात्री करतो. त्यांनी मॅन्युअल माझ्याकडे सरकवलं, बोटाने एक ओळ दाखवली आणि म्हणाले, एवढं एक वाचून सांग, बाकी मोटरीचं मला समजते.

मी वाचलं. अर्थ मला लागला नाही, तो त्यांना लागला.